‘संपर्क करा’वर कुणीच का येत नाही?

वेबसाइट काढली की वाचक यायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून हजर! माझ्याकडे चौदा महिन्यांचे साठलेत.

साइटचं नाव ‘ग्रिलमधली बाग’. मुलुंडच्या आमच्या घराला बाल्कनी नाही, त्यामुळे खिडकीच्या ग्रिलमध्ये जे काय उगवतं त्यावर मी लिहिते. लिहायचं मी, पाणी घालायचं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, अशी वाटणी. मी सकाळी ऑफिसला पळते, मग घालणार कोण? आप्पा सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या पत्राला नंबर द्यायचा, गेलेल्या उत्तराला नंबर द्यायचा. साइट बनवून दिली माझ्या ऑफिसातल्या सिद्धार्थने. राहतो कुर्ल्याला, आणि डिझाइनचं त्याला भलतंच वेड.

* * *

त्या वेडापायी त्याने पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ठेवली. क्लीन दिसतं म्हणे. मी म्हटलं, दिसतं रे, पण वाचायचं कसं? ऐकेचना.

मग एकदा त्याने कौतुकाने आईला साइट दाखवली. या बाईंनी चाळिशीत दहावीची परीक्षा दिलेली, वाचनाच्या बाबतीत एकदम कडक. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, “लपवायचंच होतं तर लिहिलं कशाला?”

दुसऱ्या दिवशी अक्षरं काळी झाली.

* * *

तयार डिझाइन घेतलं की त्यात नमुन्याचे फोटो येतात. ‘माझ्याबद्दल’ या पानावर गवताची टोपी घातलेली एक गोरी बाई होती. तिला काढून माझा फोटो टाकायचा हे आम्ही दोघंही तीन महिने साफ विसरलो.

बोरिवलीच्या मावशीचा फोन आला. साइट आवडली, फोटो तर फारच आवडला. किती बारीक झालीस म्हणाली. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, “पण केस कशाला गं रंगवलेस?”

खरं सांगते, बारीकवालं ऐकून फोटो काढावासाच वाटेना.

* * *

लोक काय शोधत आपल्या साइटवर पोचतात, ते बघायची सोय असते. मला तर त्याचं व्यसनच लागलं. कुणाला हवं होतं, ‘मनी प्लांट चोरून आणला नाही तर वाढत नाही का’. कुणाला, ‘तुळस सुकली सासूला काय सांगू’. कोण असेल ही? पुढे काय सांगितलं असेल तिने? मी दिवसभर विचार करत बसायचे.

एकदा दिसलं, ‘वरच्या बाईच्या कुंडीचं पाणी कपड्यांवर पडतं तक्रार कुठे करावी’. आता मुंबईत वरच्या बायका काय थोड्या आहेत? पण त्याच आठवड्यात आमच्या खालच्या काकूंनी माझ्याकडे बघून हसणं बंद केलं. कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, तेव्हा कुठे त्या परत हसल्या.

* * *

हे मी हसत सांगतेय, पण एक गोष्ट मनाला लागली होती. साइटवर ‘संपर्क करा’ असं पान आहे. तिथे मी हौसेने लिहिलं होतं, तुमच्या ग्रिलमध्ये काय चाललंय ते मला कळवा. चौदा महिन्यांत एकही पत्र नाही! शिव्या देणारंसुद्धा नाही.

मध्ये एकदा वाचकांचा आकडा रोजच्या पाच-सातवरून एकदम तीनशेवर गेला. मी ऑफिसात पेढे वाटले. सिद्धार्थने पेढा खाल्ला आणि मग सांगितलं की ती माणसं नाहीत, बॉट आहेत, म्हणजे आपोआप साइटी चाळणारे प्रोग्राम. घरी आप्पांना सांगितलं तर म्हणाले, वाचतायत ना, वाचू दे.

मला मात्र रडू आलं. आपण लिहितोय कुणासाठी? डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपत आली होती. जेवताना मी जाहीर करून टाकलं की साइट बंद. आप्पांनी तेवढी तारीख विचारून घेतली.

* * *

बंद करण्याआधी एकदा सगळं तपासू म्हणून रविवारी सिद्धार्थ घरी आला. ‘संपर्क करा’च्या सेटिंगमध्ये गेला आणि थबकला.

“ताई, पत्रं जिथे जातात तो ईमेल तुमचा नाहीये. आप्पांचा आहे.”

मग आठवलं. साइट सुरू केली त्या दिवशी मी माझा पासवर्ड विसरले होते. आप्पांचा कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता, म्हणून तात्पुरता त्यांचा पत्ता टाकला. तो बदलायचा राहूनच गेला.

मी आप्पांना हाक मारून पत्रांचं विचारलं. ते आतून एक लांबट वही घेऊन आले. आवक एकसष्ट, जावक एकसष्ट. प्रत्येक पत्राचा गोषवारा, समोर आपल्या उत्तराची नक्कल. मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, मिरचीची पानं का वळतात, सगळं. खाली सही, ‘ग्रिलमधली बाग करिता’.

राग आला. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत?

“मला वाटलं, तूच ते टेबल माझ्याकडे दिलंयस.”

सिद्धार्थ वहीची पानं उलटत होता. शेवटच्या पानावर थांबून त्याने वही माझ्याकडे सरकवली. साइट बंद होत असल्याचं आप्पांनी सगळ्या पत्रलेखकांना एकाच परिपत्रकाने रीतसर कळवलं होतं, आणि त्यावर घाटकोपरच्या एका बाईंचं उत्तर आलं होतं:

‘ताई, ब्लॉग बंद केलात तरी चालेल. पत्रं मात्र बंद करू नका.’

शेजारी समासात, लाल शाईने, आप्पांच्या अक्षरात शेरा होता: ‘लेखिकेच्या माहितीस्तव सादर.’