फटफटीला लावलेला कौल

हसायचं ते हसा, पण तोंडातला घोट आधी गिळून घ्या, म्हणजे माझा सदरा वाचेल. गाढवपणा मी आयुष्यात बराच केला. पण मार्गासनीच्या चावडीपुढे जो केला, त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. आणि तो करत असताना मी स्वतःला फार हुशार समजत होतो, हे आधीच कबूल करतो.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची, भोरला संस्थान होतं तेव्हाची. मी भोरला गुरांचा डॉक्टर होतो. आमचे सासरे चारचौघांत मला नुसतं 'डॉक्टर' म्हणायचे आणि कोणी पुढचं विचारायच्या आत पावसापाण्यावर बोलायला लागायचे. खेड्यापाड्यांत फिरायला माझ्याकडे एक फटफटी होती. विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून पुण्यात घेतलेली, तीन चाकांची. तिसरं चाक शेजारच्या पाळण्याचं. त्या पाळण्यात आमचे कंपाउंडर रामभाऊ बसायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, मांडीवर औषधांची पेटी, डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला. बोलायचे कमी. मी ऐकायचो त्याहून कमी.

आता या फटफटीला मुळात एकही काटा नव्हता. वेग किती आहे ते रामभाऊंच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. हे काही बरं नाही, असं माझ्या मनाने घेतलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी काट्यांच्या तीन तबकड्या आणल्या आणि स्वतःच्या हाताने हँडलवर बसवल्या. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. शिकलेल्या माणसाला मिस्त्री कशाला लागतो?

पहिली तबकडी वेगाची. तिचा काटा चाळीसवर अडकला तो अडकलाच. गाडी दारात उभी असली तरी चाळीसने धावायची. मला ते आवडायचं, म्हणून राहू दिली. दुसरी तेलाच्या दाबाची. दाब काही कळला नाही, पण तिच्या नळीतून तेल माझ्या उजव्या गुडघ्यावर ठिबकायचं, त्यावरून तेल शिल्लक आहे एवढं समजायचं.

तिसरी मात्र चालली, आणि तिनेच माझा घात केला. ती होती विजेची. तिचा काटा मधोमध उभा. इंजिन जोरात फिरवलं की बॅटरीत वीज भरते, काटा उजवीकडे. इंजिन बंद ठेवून दिवा लावला की वीज खर्च होते, काटा डावीकडे. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून मी तिला पट्टी केली होती, मागे दोन तारा. आठ दिवस मी येईल त्याला तो काटा दाखवत होतो. आमची ही तर शेवटी म्हणाली, "पाहिला. कालही उजवीकडेच गेला होता."

त्याच सुमारास वेल्ह्याकडे गुरांमध्ये बुळकांडी आली. हा रोग गोठ्यात शिरला की पाच-सहा दिवसांत गोठा रिकामा करून जातो. मार्गासनीपासून दोन कोसांवरच्या वाडीपर्यंत तो पोचला होता. महिन्याभरात भातखाचरांत चिखलणी सुरू व्हायची, आणि बैल नसले तर चिखलणी करायची कशाने? उपाय एकच होता, लस टोचणं. ती पुण्याहून थर्मासमध्ये, बर्फात घालून आली. एकदा कालवली की दुपारच्या आत संपवायची, नाही तर मातीत ओतायची. दुसरी यायला आठवडा लागला असता, आणि तेवढ्यात रोग गावात आला असता.

अडचण लोकांची, असं मी धरून चाललो होतो. टोचलं की बैल मरतो, गाय आटते, असं गावोगाव बोललं जायचं. म्हणून भोरहून निघाल्यापासून मी डोक्यात भाषण जुळवत होतो. नसरापूर ओलांडलं आणि माझी पत्र्याची पट्टी तुटली. तबकडी लोंबायला लागली, दोन्ही तारा निसटल्या. गाडी तशीच पळत होती, म्हणून थांबलो नाही.

मार्गासनीला पोचलो तर चावडीपुढे बैलांच्या रांगा. शेदीडशे जनावरं दाव्याला बांधलेली. माझ्या मनात आलं, संस्थानचा हुकूम गेलाय म्हणून आणलीत, आता तोंडावर नाही म्हणणार.

गावचे पाटील पुढे आले. "रामराम सायेब. आमी काल सांजच्याला—"

"पाटील, आधी माझं ऐका," मी म्हटलं, आणि भाषण सुरू केलं. बरंच केलं. रामभाऊंनी तेवढ्यात पेटी उतरवली, सुया उकळायला ठेवल्या, लस कालवली. मी बोलता बोलता तबकडी सुतळीने हँडलला बांधली आणि तारा जोडायला घेतल्या.

"साहेब, ही तार डावीकडची होती," रामभाऊ हळूच म्हणाले.

"रामभाऊ, तुम्ही लस सांभाळा."

त्यांनी लस सांभाळली.

तोवर फटफटीभोवती सगळं गाव गोळा झालं होतं. पुढे एक म्हातारी होती, चांगुणाआत्या. घरात कर्तं माणूस कोणी नाही, खाचरं दोन आणि बैलांची जोडी एक. त्या जोडीतल्या एका बैलाच्या मानेवर हात ठेवून ती काट्याकडे बघत होती.

"सायेब, ह्येनं काय कळतं?" तिने विचारलं.

आणि मला सुचलं. न सुचतं तर बरं झालं असतं. तिकडे गावात कोणतंही मोठं काम काढायचं तर देवाला कौल लावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर करा, डावी पडली तर करू नका. माझ्या समोर एक काटा होता, मूठ पिळली की हमखास उजवीकडे जाणारा. अडाणी लोकांना त्यांच्याच भाषेत पटवायची इतकी सोपी संधी कोण सोडेल?

"आत्या, हा फटफटीचा कौल," मी म्हटलं. "देव उजवाडावा देतो ना, तसा हाही देतो. हे यंत्र कधी खोटं बोलत नाही. बैल टोचायचे का, ते हिलाच विचारू."

पाटील परत म्हणाले, "सायेब, आमी काल सांजच्याला—"

"पाटील, जरा दम धरा."

"साहेब, कशाला उगीच?" हे रामभाऊ.

मी किक मारली. हात जोडले. मोठ्याने विचारलं, "बाई गं, गावाचे बैल आज टोचायचे का?" आणि मूठ पिळली.

काटा डावीकडे गेला.

थोडाथोडका नव्हे, पार कडेला जाऊन टेकला. मला वाटलं, इंजिन कमी फिरतंय. मी आणखी पिळली. जितकी पिळावी तितका तो डावीकडे रेटून बसला.

"डावा," मागून कोणीतरी म्हणालं.

"डावाच हाय."

"लई डावा हाय," तिसरा जवळ येऊन, वाकून बघून म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. मग एकाने खाली बसून आपल्या बैलाचं दावं सोडायला घेतलं. त्याच्याकडे बघून दुसऱ्याने. शेदीडशे बैल, कालवलेली लस, दोन कोसांवर रोग, आणि हे सगळं मी माझ्या हाताने घालवत होतो.

"थांबा, पुन्हा विचारू," मी म्हटलं.

"कौल दोनदा लावत न्हाईत, सायेब," पाटील म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर काळजीत पडला होता.

रामभाऊ माझ्या कानाशी आले. "साहेब, दिवा लावून बघा. दिव्याला तो डावीकडे जायला हवा."

मी दिवा लावला. काटा टुणकन उजवीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तारा उलट्या जोडल्या होत्या. पण मला तोंड उघडायला सवड कुठे?

"दिवा लावल्यावं उजवा दिला की," एक म्हातारा म्हणाला. "सायबानं दिवाबत्ती न करताच इचारलं, म्हून रुसली व्हती ती."

"पर पयला कौल त्यो खरा."

"बिगर दिव्याचा कौल धरत्यात व्हय?"

झालं, गावात दोन तट पडले. दिव्याच्या बाजूचे बैल परत बांधायला लागले, बिनदिव्याचे सोडायला. एकाच माणसाने एकच बैल दोनदा सोडला आणि दोनदा बांधला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चावडीची सावली भिंतीकडे सरकत होती. रामभाऊ थर्मासला ओलं फडकं गुंडाळत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

शेवटी मी चावडीच्या पायरीवर चढलो. "मंडळी, यात देव नाही. कौल नाही. हा विजेचा काटा आहे. वाटेत त्याच्या तारा निसटल्या आणि मी त्या उलट्या जोडल्या. तुम्हाला फसवून राजी करावं म्हणून मी हे सोंग केलं. चूक माझी आहे. तिच्यापायी बैल मारू नका."

हे बोलताना मला इतकी लाज वाटली की नजर वर होईना. मग चांगुणाआत्या म्हणाली, "राजी कुनाला करायचं व्हतं?"

"तुम्हाला."

"आमी राजीच व्हतो की. काल सांजच्याला भैरोबाला कौल लावला. देवानं उजवा दिला. म्हून तर पहाटंपासनं बैलं हितं उपाशी बांधल्यात."

मी पाटलांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "म्या दोन बारीला सांगाया आलो. तुमी बोलू देईनात."

"मग मी फटफटीला विचारत होतो, तेव्हा अडवलं का नाही?"

"कुनाच्या देवाला आडवायचं कसं? आमच्या देवानं आमाला 'टोचा' म्हनून सांगितलं. तुमचं बी काय इचारायचं आसंल, म्हनलं इचारू द्यावं."

"आणि काटा डावीकडे गेल्यावर बैल का सोडायला लागलात?"

उत्तर आत्याने दिलं. "आमाला उजवा हाय, पर तुमाला डावा आला. तुमी नवं मानूस, बायकापोरं आसत्याल. तुमच्या देवानं नगं म्हनलं आस्ताना आमी तुमच्या हातात सुई दिली, आन तुमालाच कायबाय झालं, तर त्ये पाप आमी कुठं फेडायचं?"

म्हणजे बघा. मी त्यांचे बैल वाचवायला भोरहून आलो होतो, आणि अख्खं गाव मला वाचवायला बैल घरी नेत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी गुडघ्यावरचं तेल पुसायच्या निमित्ताने पुसलं, आणि मग तोंड तेलकट झालं ते वेगळंच.

पहिली जोडी आत्याची टोचली. त्यानंतर आम्ही दोघांनी मान वर केली नाही. लस संपली तेव्हा रांगेत चार वासरं तेवढी राहिली होती. त्या वर्षी रोग मार्गासनीच्या शिवारापर्यंत येऊन गेला, पण टोचलेल्यांतला एकही बैल दगावला नाही. निघताना मी तारा सुलट केल्या. कुठली कुठे, ते रामभाऊंना विचारून.

इथेच संपलं असतं तर मी आज तुम्हाला सांगितलंही नसतं. पण पुढच्या आठवड्यात नवी लस घेऊन आम्ही राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला गेलो. वाटेत मी रामभाऊंना म्हटलं, "आज भाषण नाही, काही नाही. उतरायचं आणि कामाला लागायचं."

"बरं होईल," रामभाऊ म्हणाले.

गावात शिरलो. बैल ओळीने बांधलेले, सगळे तयार. पण झाडाखाली एक जागा सारवून ठेवली होती. वर रांगोळी, पाट, हळदकुंकवाचं ताट, नारळ, आणि तेवत असलेली समई. बायामाणसं आदबीने दोन बाजूंना उभी.

"आज इथे काही पूजा आहे का?" मी विचारलं.

तिथले पाटील फार वयस्कर होते. त्यांनी हात जोडले. "तुमच्या फटफटीपायी केलंय, सायेब. मार्गासनीचं लोक सांगत व्हतं, सायेब लई भक्तिवान हाय, फटफटीला इचारल्याबिगर सुईला हात लावत न्हाई. आन दिवा नसला की ती रुसती."

"अहो, तसं काही नाही," मी म्हटलं. "ते यंत्र आहे. त्यात देवबीव काही नसतो."

पाटलांनी समजुतीने मान हलवली, देवाचं नाव चारचौघांत काढायला लाजणाऱ्या माणसापुढे हलवतात तशी. मग त्यांनी मागच्या लोकांना जरा सरकून उभं राहायला सांगितलं आणि मला म्हणाले, "आमचं देवाला कालच इचारून झालंय. आमाला घाई न्हाई. तुमचं सावकाश हू द्या."

थर्मासमधला बर्फ वितळत होता. मी रामभाऊंकडे पाहिलं. ते पाळण्यातून उतरले आणि नारळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

काय करता? विचारलं मी फटफटीला.