मातीतली फुगडी

नव्या माठात पाणी ओतलं की वास सुटतो आणि मी, दोन्ही गुडघे बाद झालेली बाई, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फुगडी घालू लागते. अर्थात मनातल्या मनात.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. चोपड्याला आमच्या शेजारी कुंभारनाना राहत. त्यांची लेक चंद्री माझी फुगडीची जोडीदारीण. त्या वर्षी तिचं धुळ्याला लग्न ठरलं आणि होणाऱ्या सासूने निरोप धाडला की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला पोरीने चौकात फुगडी घालायची नाही. चंद्री जेवेना. तेव्हा नानांनी अंगणात घागरींच्या मातीवर पाणी ओतलं नि आम्हा दोघींना हाक मारली. “सासूनी फुगडीले मनाई करेल शे, माती तुडवाले नही. व्हा उभ्या.”

घोट्यापर्यंत गार, मऊ चिखल. आम्ही हात गुंफले. “घट्ट धर, जाडे,” चंद्री म्हणाली, “तू पडनी का मी बी पडसू.” माझ्या वजनाने माती लवकर मळली, असं नाना पुढे कौतुकाने सांगत. गरगरताना तिच्या बांगड्या, वेणी, हसणं, सगळं एक झालं होतं.

“बस, झाली माती,” नाना म्हणाले आणि चंद्रीने हात सोडले. मला वाटलं, दम खायला सोडले. मी हात पुढे करून तशीच उभी राहिले.