रिफ्रेन शिकवणारे सर

उमरीतल्या आमच्या शेजारच्या सरांच्या घरी जाणं जगात सगळ्यात सोपं आणि तिथून निघणं सगळ्यात अवघड! पाहुण्यानं "बरं, येतो" म्हणायचा अवकाश, की त्याची चप्पल गायब. कधी ती ज्वारीच्या कोठीत सापडे, कधी कूलरमागे. जेवल्याशिवाय जाऊ नये म्हणून पाहुण्याची पिशवी लपवणारे आमच्याकडे घरोघरी आहेत. सरांनी त्याची पार कला करून टाकली होती. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाच्या मोटारसायकलची किल्लीच त्यांनी पळवली. बिचारा बशीभर फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, वर दोन कप चहा पिऊन सुटला. "आरं, उन्हातान्हाचा आलास, असाच कसा जाऊन राहिलास?" म्हणून सर उलट त्यालाच दटावत होते!

आणि या माणसानं जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यात लाडका शब्द कोणता, तर रिफ्रेन! तो धड्यात आला की सरांच्या अंगात यायचं. टेबलावर गरम भज्यांची पुडी उघडून ते ओरडायचे, "बघा रे! मी तुमचा हात धरला, तर ते रिस्ट्रेन. माझा हात मीच धरला, तर रिफ्रेन! अन् भूकच न्हाई म्हणून खाल्लं न्हाई, तर ते रिफ्रेन न्हाई बरं का. लई खावं वाटाय पायजे!" वर्गभर वास सुटलेला, आणि उदाहरण संपेपर्यंत निम्मी भजी सरांच्याच पोटात! अर्थ मात्र आम्हा सगळ्यांना पक्का पाठ झाला.

काकू गेल्यावर घरात सर आणि त्यांची एकुलती एक लेक, दोघंच उरली. तिला नोकरी लागली, तीही थेट गुवाहाटीला! सरांनी गल्लीभर पेढे वाटले आणि पेढा ठेवता ठेवता प्रत्येकाला विचारलं, "लई लांब हाय न्हाई का वो?" निघायच्या आदल्या संध्याकाळी लेक माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त एकदा 'नको जाऊ' म्हणा. मी न्हाई जात." सर उठले आणि तिच्या डब्याचं झाकण पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिला स्टेशनवर सोडायला मी रिक्षा घेऊन आलो. शेजारणी हसत म्हणाल्या, "आता शोध चप्पल!" लेकही हसत कूलरमागे वाकली, मग कोठीत डोकावली. कुठंच काही नाही. तिच्या सँडल दारातच होत्या, स्वच्छ पुसून, तोंडं रस्त्याकडे करून ठेवलेल्या. ती बघतच राहिली. सर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"घाल माय," ते म्हणाले, "गाडी चुकंल."

त्यानंतर कितीतरी दिवस मी सरांकडे जायचो आणि निघताना माझीही चप्पल दारात जागच्या जागी असायची. फार वाईट वाटायचं. काल मात्र ती मिळेना! मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू! मी शोधलीच नाही, परत आत जाऊन बसलो आणि म्हणालो, "सर, चहा टाका."