सामीभाऊ आणि कारखान्यातले दोन माठ

सामीभाऊंचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. थंडीत बॉयलरजवळ चार जण शेकायला उभे राहिले की एक जण सांगायचा, दुसरा म्हणायचा, "हे काहीच न्हाई!" असे ते वाढत गेले. मी सातवीत शाळा सोडून साखर कारखान्यात लागलेला. बोलायला बुजायचो, म्हणून ऐकून घेतलं. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हंगामातली ही गोष्ट.

सामीभाऊ मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. डर्बनकडच्या साखर कारखान्यात त्यांनी युनियन बांधली, गोऱ्या सरकारशी भांडले, तुरुंगात गेले आणि शेवटी बोटीनं निसटून मुंबईला आले. मराठी गोदीत शिकले. साखरेतलं कळतं म्हणून तिथल्या युनियननं त्यांना आमच्या नगर जिल्ह्यात धाडलं.

पहिल्याच गेट मीटिंगला आमच्या युनियनचे अध्यक्ष, फिटर भाऊसाहेब, यांनी विचारलं, "तुमी जेलात कशापायी गेल्ता?"

"गोऱ्यांच्या बाकावर बसलो."

"आन् मग?"

"उठलो नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बाकडं लई मऊ असंल!"

सगळ्यात जास्त सामीभाऊच हसले.

*

भाड्याची खोली बघायला गेले, तर घरमालकीण मावशी जामखेडकडची. तिनं आधी जात विचारली.

"माहीत नाही मावशी. आजोबा ऊस तोडायला बोटीनं गेले, तिकडंच विसरले."

"आमची मानसं बैलगाडीनं जात्यात ऊस तोडाया. जात काय इसरत न्हाईत बाबा!"

खोली मात्र दिली.

*

कारखान्यात पाण्याचे दोन माठ होते. एक शेडमध्ये सावलीला. दुसरा भिंतीपलीकडे उन्हात, दलित कामगारांसाठी.

सामीभाऊंनी विचारलं, "पाटी कुठाय?"

"पाटी कशाला?" भाऊसाहेब म्हणाले. "समद्यांला ठावं हाय."

"आमच्या सरकारला बाकाबाकावर पाटी लावावी लागते. तुम्ही फार पुढे गेलात!"

भाऊसाहेब दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

एके दुपारी उन्हातला माठ कोरडा पडला. बॉयलरवरच्या राणू फायरमननं सावलीतल्या माठातलं पाणी पिलं. संध्याकाळी त्याच्या हातात कागद. शिस्तभंग! चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, आणि चौकशीनंतर नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते.

सामीभाऊ म्हणाले, "संप करू."

भाऊसाहेब म्हणाले, "राणूसाठी मानसं येनार न्हाईत. खरं सांगू? मीच येनार न्हाई."

"खरं बोललात, हे बरं झालं."

बैठक तेवढ्यावर संपली.

*

राणू परत कामावर कसा आला, तो हा किस्सा.

चौकशीत साक्षीदार मी. समोर मॅनेजर, टाइपरायटरवर क्लार्क, राणूशेजारी सामीभाऊ.

"काय पाहिलंस?" मॅनेजरांनी विचारलं.

"राणूनं पानी पिलं."

सामीभाऊ मॅनेजरांकडे वळले. "माठ कुणाचा?"

"कामगारांचा."

"राणू कोण?"

"कामगार."

"मग गुन्हा टाइप करा. तो माठ त्याच्या जातीचा नव्हता, असं लिहा. खाली तुमची सही."

क्लार्कची बोटं हवेतच राहिली. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे, हे मॅनेजरांनाही ठाऊक होतं.

मॅनेजरांनी रुमालानं मान पुसली, घंटी वाजवली. "पाणी आण रे."

शिपाई दारातच थांबला. त्यानं एकदा राणूकडे बघितलं, एकदा मॅनेजरांकडे.

"कंच्या माठातलं आनू, सायब?"