बारा खाटा, अकरा बाटल्या

दत्तूभाऊ गेल्याची बातमी त्यांच्या पुतण्याने, वसंताने आणली. किरनापूरहून सकाळच्या पहिल्या मोटारीने तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, काका काल सकाळी गेले." अशा वेळी माणूस विचारतं, कसे गेले, त्रास झाला का, जवळ कोण होतं. मी विचारलं, "बाटलीत औषध किती उरलतं?" वसंताने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "काहीच नाही. शेवटचा डोस घेतला, बाटली धुतली, पालथी ठेवली, अन् खाटेवर जाऊन पडले." मला रडू आलं नाही, अंगावर काटा आला. त्याला आता दीड महिना झाला, पण तो काटा अजून पुरता गेलेला नाही.

बालाघाटच्या ज्या लहानशा धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते, तिथे दत्तूभाऊ कंपाऊंडर होते. उंच, वाकलेले, कानात कायम अत्तराऐवजी औषधी कापूस, आणि बोलणं इतकं कमी की नव्या माणसाला ते मुके वाटत. आमची तयार औषधांची खोकी आधी नागपूरहून येत. छप्पन साली नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही अलीकडे राहिलो, आणि खोक्यांची वाट लांबली, दरही चढले. तेव्हा कमिटीने ठरवलं की ताप-खोकल्याची मिक्श्चरं आपणच बनवायची. विकतच्या एका बाटलीच्या दरात दत्तूभाऊ दहा बाटल्या करत. जिन्नस सुटे आणायचे, पाणी विहिरीचं, उकळून फडक्यातून गाळलेलं. वर खर्च कोळशाचा तेवढा. पण या स्वस्ताईत एक मेख होती. विकतचं औषध वर्षभर टिके, घरचं तिसऱ्या दिवशी आंबे, उन्हाळ्यात दुसऱ्याच. कमी केलं तर रोगी रिकाम्या हाताने परत, जास्त केलं तर गटारात. सगळी बचत एका माणसाच्या अंदाजावर उभी होती, आणि तो अंदाज कधी चुकत नसे. दुपारी बरणी पालथी केली तर थेंब पडायचा नाही. मी चिडवायची, "दत्तूभाऊ, एखादा घोट तर उरू द्या." ते म्हणत, "फेकाले जिवावर येते, बाई."

बायकांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. रोज सकाळी सहाला दत्तूभाऊ वॉर्डातून एक चक्कर मारत. कुणाशी बोलत नसत, कुणाची नाडी पाहत नसत. मग आपल्या खोलीत जाऊन पाणी मोजत. आठ वाजता औषधखोलीच्या खिडकीत लाकडी ट्रे तयार असे. बारा खण, प्रत्येक खणात नंबराची बाटली, बाटलीवर कागदाची पट्टी. पट्टीला कातरीने खाचा कापलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. वॉर्डातल्या बाटलीला तीन खाचा, घरी नेणाऱ्यांच्या बाटलीला आठ.

पहिल्यांदा सात नंबरचा खण रिकामा दिसला तेव्हा मला वाटलं, विसरले. सातवर लामता गावची एक बाई होती, त्या वेळी खाटेवर बसून केस विंचरत होती. मी खिडकीशी परत गेले. "दत्तूभाऊ, सात नंबर राह्यला." त्यांनी ट्रेकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणी भरला होता. मग एक बाटली करून दिली. बाई दुपारी बाराच्या आत वारली. भरलेली बाटली मी मोरीत ओतली, तेव्हा ते दारात उभे राहून मोरीकडे पाहत होते. पुढे पावसाळ्यात तीन नंबर, मग अकरा... दर वेळी आधी खण रिकामा, मग खाट. मी एकदा सरळ विचारलं, "तुमाले कसं कळते?" ते घाबरलेले दिसले. म्हणाले, "मले काहीच कळत नाही, बाई. मी बाराचंच पानी घेतो. भरता भरता अकरातच संपते."

अशा गोष्टी लपत नाहीत. बायका ट्रे येताना उठून बसू लागल्या. लिहितावाचता येणारी त्यात एखादीच, पण बारापर्यंत सगळ्यांना मोजता येत होतं. आणि एक दिवस माझ्याच हातून नवाची बाटली उंबऱ्यावर फुटली. नवाची बाई चांगली हिंडतीफिरती, दोन दिवसांत घरी जायची. तिने रिकामा खण पाहिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी धावत दुसरी बाटली आणली, हाताने पाजायला गेले, पण तिने ओठ उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या बाटलीत दत्तूभाऊंनी औषध पूर्ण भरलं होतं, हे मी शपथेवर सांगते. मग ती कशाने गेली, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या हाताला तेव्हापासून ट्रे जड लागू लागला, एवढं खरं.

त्याच वर्षी हिवाळ्यात माझ्या आईला न्यूमोनिया झाला आणि तिला चार नंबरवर ठेवलं. तिसऱ्या सकाळी मी खिडकीशी गेले आणि चौथा खण रिकामा होता. दत्तूभाऊ वर न पाहता म्हणाले, "ट्रे आज दुसऱ्या कोनाले नेऊ द्या." मी ट्रेला हात लावला नाही. म्हटलं, "ती माझी आई आहे, दत्तूभाऊ. औषध करा. उरलं तर फेकू. आजवर थेंब फेकला नाही ना तुमी, आज फेका." मग त्यांनी मापाचा ग्लास उचलून फळीवर उलटा ठेवला, मोठी बरणी पुढे ओढली आणि उकळलेल्या पाण्याचं पातेलं तसंच्या तसं तिच्यात रिकामं केलं. "आज मोजतच नाही," म्हणाले. वॉर्डाला तीन दिवस पुरेल एवढं औषध झालं. चाराची बाटली त्यांनी स्वतः नेली, आईच्या उशाशी ठेवली आणि वॉर्डातल्या सगळ्या बायका पाहत असताना तिथे उभे राहिले. आई आठवड्याने स्वतःच्या पायांनी घरी आली. पुढे नऊ वर्षं माझ्या भाजीला नावं ठेवत जगली.

त्या दिवसापासून ट्रेचा एकही खण कधी रिकामा दिसला नाही. बारा खणांत बारा बाटल्या आणि ट्रेच्या कडेला तेरावी, पट्टी नसलेली. ती कुणाचीच नसे. दुपारी ते ती स्वतः मोरीत ओतत. वॉर्डातलं मरण थांबलं नाही, आधी कळणं तेवढं थांबलं. पण जिन्नस जास्त लागू लागले, कमिटीने विचारलं, आणि दत्तूभाऊ दर महिन्याला एकच उत्तर लिहून देत: हातून सांडले. ज्या माणसाच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता, त्याची पगारवाढ हात कापतो म्हणून अडवली गेली. मी जाऊन खरं सांगायला हवं होतं. गेले नाही. काय सांगणार होते, हेच कळत नव्हतं... पण हे कारण पुरेसं नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं.

नोकरी संपल्यावर ते किरनापूरला पुतण्याकडे राहायला गेले. ते वारण्याच्या चार दिवस आधी मी तिथे भेटायला गेले होते. छाती कफाने भरली होती, पण बाजेवर टेकून बसले होते, आणि कोनाड्यात स्वतः केलेल्या मिक्श्चरची बाटली होती. "रोज सकाळी एक. आंबलं तरी मीच घेतो," म्हणाले. माझी नजर सवयीने पट्टीवर गेली. घरच्या बाटलीला आठ खाचा. मी दोनदा मोजल्या. पाच होत्या आणि औषध पहिल्या खाचेच्या खाली उतरलेलं होतं. "आठ काहून नाही केले?" मी विचारलं. ते ओशाळं हसले. "फेकाले जिवावर येते, बाई." मी म्हटलं, "एक जास्तीची करा ना मग. माझ्यासाठी केलती तशी." "हौ," म्हणाले, "करतो." मला वाटलं, माझी समजूत काढतायत.

बातमी सांगून झाल्यावर वसंताने पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक भरलेली बाटली काढली. "काकांनी तुमाले द्याले सांगतलतं." तिच्यावर पट्टी होती, एवढं कागदातून जाणवलं. मी ती तशीच फळीवर ठेवली, पट्टी भिंतीकडे करून. दीड महिना रोज तिच्यासमोर चहा प्याले, पण फिरवून खाचा मोजायचा धीर झाला नाही. सत्तरीकडे झुकलेल्या बाईने कशाला घाबरावं, पण मी घाबरले. आज हे लिहिता लिहिता उठले, बाटलीचा कागद सोडला आणि ती फिरवली. पट्टी नीट चिकटवलेली आहे. कडा सरळ आहेत. एकही खाच कापलेली नाही, माझ्यासाठी त्यांनी मोजलंच नव्हतं.

औषध केव्हाच आंबलंय, तळाशी साका बसलाय. दत्तूभाऊंनी तिसऱ्याच दिवशी मोरीत ओतलं असतं. मलाही ओतायला हवं. दोनदा मोरीपर्यंत गेले आणि परत आणून ठेवली. फेकायला जिवावर येतं.