मामांचे युरोपातले पित्तर

माझ्या मोठ्या मामांइतके नातेवाईक साऱ्या वऱ्हाडात कुणाला नसतील, आणि त्यातले चार तर युरोपात मरून कैक वर्षं झालेले होते. त्या चौघांशी मामांचा जसा जीव जुळला तसा सख्ख्या मेव्हण्याशीही कधी जुळला नाही. मेव्हणे म्हणजे माझे वडीलच, तेव्हा हे मी घरातलं सांगते आहे.

मामांचा भाजीचा मळा जऊळक्याच्या स्टेशनाला लागून. मोठ्या लढाईच्या आधी तिथले स्टेशनमास्तर गोव्याकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. मामांनी त्यांना ताजी मेथी-वांगी पोचवावी आणि त्यांनी मामांना चावीच्या ग्रामोफोनवर साहेबी संगीत ऐकवावं, असं दोघांचं चालायचं. मास्तर नुसतं ऐकवत नसत, ज्यानं ते रचलं त्याची सारी कर्मकथाही सांगत. त्यांची बदली झाली तेव्हा तो ग्रामोफोनचा बाजा आणि तबकड्यांची पेटी मामांच्या ओट्यावर आली, आणि मामीच्या भाषेत सांगायचं तर तिच्या घरात एकदम चार सवती आल्या.

परदेशी नावं काही मामांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी त्या मंडळींना सरळ नात्यातच घेतलं. पियानो वाजवता वाजवता क्षयानं खंगला, पॅरिसात मेला, पण ज्याचं काळीज बहिणीनं मायदेशी नेलं, तो ‘पोलंडचा भाऊ’. जगातल्या लेकरांसाठी अंगाई रचून स्वतः मात्र जन्मभर सडेफटिंग राहिले, ते ‘दाढीवाले काका’. हंसांचा नाच रचणारे, आणि म्हणे न उकळलेलं पाणी पिऊन पटकीनं गेलेले, ते ‘रशियाचे दादा’. आणि एक मोठी सिंफनी दोन भागांवर अर्धवट ठेवून, तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच गेलेला, तो ‘व्हिएन्नाचा लहाना’. या लहान्यावर मामांचा विशेष जीव.

तबकडी चालू असताना मळ्यात बोलायची बंदी असे. एकदा शेलूबाजारचा एक व्यापारी वांग्यांचा भाव विचारायला आला, तर मामा तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “थांबा जी, आमच्या भावाचं दुखनं वाढून राह्यलं.” तो बिचारा टोपी काढून, मान खाली घालून ओट्यावर बसून राहिला आणि जाताना “डाक्तर कोनता लावला?” असं विचारून गेला. पुढे बाज्याच्या सुया संपल्या, तेव्हा मामांनी बाभळीचे काटे तासून लावले. तेव्हापासून पोलंडच्या भावाचा खोकलाही आम्हाला स्पष्ट ऐकू यायला लागला!

तर एका वर्षी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मामांनी जाहीर केलं की उद्या या चौघांचंही पित्तर घालायचं.

मामी म्हणाली, “अवो, ते किरिस्ताव लोक. त्याईले काहून पित्तर?”

“चौघाईलेबी लेकरू नाही वं. पानी कोन देईन त्याईले?” आणि मग जरा आवाज उतरवून मामा म्हणाले, “आपन त्याईचं केलं, तं आपलंबी कोनी करन.”

मामामामींना मूल नव्हतं. मामी उठली आणि तिनं वड्यांची डाळ जास्तीची भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, “गोत्र?”

मामा म्हणाले, “पियानो.”

गुरुजी चौघांना काश्यप गोत्रात घालून मोकळे झाले.

गोठ्याच्या कवेलूंच्या छपरावर चार पानं मांडली. खीर, वडे, कोहळ्याची भाजी. रशियाच्या दादांना तेवढं पाणी उकळून, गाळून. कावळे आले, पोलंडच्या भावाचं पान चाटूनपुसून खाल्लं, काकांचं उडवलं, दादांचंही. लहान्याच्या पानाला मात्र एकही शिवेना. ज्याची इच्छा राहिली त्याच्या घासाला कावळा शिवत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, हेही. उन्हं कलली. पित्तराला आलेल्या माझ्या वडिलांनी तर पोलंडपासून रशियापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

मामा हात जोडून विनवत होते. “लगनाचं राह्यलं का रे बाबू? का कोनी काही बोललं?” मग एकदम कपाळावर हात मारून खाली बसले. “त्याचं गानं अर्धं राह्यलं ना! पुरं करतो म्हनून कसं सांगू? मले ‘सा’ माहीत नाही, पित्तराशी खोटं बोलू?” आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले. लहाना उपाशीच परत जाणार होता.

मामी ताडकन उठली. “लावा तो बाजा.”

मामांनी लहान्याची तबकडी ठेवून चावी दिली. ते गंभीर, खोल सूर अंगणभर पसरले, तबकडी संपून नुसती खरखरायला लागली, आणि मामीनं तिथून पुढे सुरू केलं! वर्षभर जात्यावर बसून शिव्या घालत ऐकलेली ती चाल तिच्या गळ्यात केव्हा मुरली होती, देव जाणे. जात्यावरच्या वळणानं ती गात गेली, वर चढली, खाली आली, शेवटी पदर खोचून म्हणाली, “झालं. पुरं झालं तुहं. खाय आता.”

एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

मामा ढसाढसा रडले. “थ्या व्हिएन्नावाल्याईले जमलं नाही, ते तुवा केलं वं!”

“जेवाले बसा,” मामी म्हणाली.

मामा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. दहाव्याला माझ्या भावानं पिंड ठेवला. हात जोडायच्या आतच कावळा आला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कसली इच्छाच उरली नव्हती. मामीला मात्र ते फार लागलं. “एवढी काय घाई?” ती रिकाम्या पानाकडं पाहून म्हणाली. “माह्यासाठी जराकबी थांबावं वाटलं नाही या मानसाले?”

मग उठताना तिनं डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाली, “चौघं वाट पाहून राह्यले असतीन वं. म्हनून गेले.”