बंद कूलर

अकोल्यात मोबाइल दुरुस्त करणारे एक भाऊ आहेत. ते बारीक काम हाती घेतलं की भर मे महिन्यातही कूलर बंद करतात, कारण वाऱ्याने सुटे भाग उडतात. गिऱ्हाइकं घाम पुसत बसतात.

आमच्या घरातला मी पहिला इंजिनिअर होणार होतो. दुसऱ्या दिवशी अमरावतीला प्रोजेक्टची परीक्षा होती आणि माझी वेगवान यूएसबीची चिप प्रोजेक्टचा मेंदू असलेल्या मायक्रोकंट्रोलरशी बोलत नव्हती. दुसरी चिप माझ्याकडे नव्हती, म्हणून मी सगळं घेऊन भाऊंच्या दुकानात गेलो. दोन्हींच्या बोर्डांमध्ये मी जोडलेल्या बारा रंगीत, वीतभर तारा भाऊंनी पाहिल्या.

"एवढ्या लांब काहून? सजावट करून राहिला का बे?"

"नीट दिसाव्यात म्हणून, भाऊ."

"दिसाले नाही, चालाले पाहिजे. इतका तेज सिग्नल लांब तारेत बिघडते."

त्यांनी कूलर बंद केला आणि मला न विचारता बाराही तारा काढून टाकल्या. मग दोन्ही बोर्ड अगदी जवळ आणून, श्वास रोखून, त्यांनी नखाएवढ्या तारा एकेक करून जोडल्या.

"लाव आता."

मी लॅपटॉपची केबल लावली. त्यांचं बोट कूलरच्या बटणावर थांबलं होतं. लॅपटॉपने चिपची ओळख पटल्याचा आवाज केला, तेव्हा कुठे त्यांनी ते दाबलं.